वानगी गावात राहील

अक्काचा फोन सकाळी साडेसातला आला आणि एका मिनिटात संपला.

"रविवारले ये. चष्मा आणजो. एक कागद वाचाना शे."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या हद्दीवर, पारोळ्याच्या पुढे आमचं गाव आहे. वडिलांच्या मागे सहा एकर जमीन आम्हा दोघांच्या नावावर झाली. सातबाऱ्यावर नावं दोन, शेती एकटीची. मेहुण्यांच्या मृत्यूनंतर ती माहेरी परतली आणि दुसऱ्याच वर्षी तिने वाटेकऱ्याला रजा दिली. मी जळगावला एका वर्तमानपत्रात डेस्कवर काम करतो. इतरांनी लिहिलेलं तपासतो, मथळे देतो. वर्षातून चार वेळा गावी जाणाऱ्या माणसाला कोणी शेतकरी म्हणत नाही. पण कागदोपत्री मी शेतकरी होतो, म्हणून माझी सही लागणार होती.

कागद मक्याच्या कराराचा होता. मक्यापासून स्टार्च काढणारा एक कारखाना राज्याच्या हद्दीपलीकडे आहे. त्याला एका शिवारात सलग शंभर एकरांवर एकाच वाणाचा मका हवा होता. पेरणीआधी भाव लिहून मिळणार होता आणि गाडी थेट गावातून भरली जाणार होती. अठरा कुटुंबं तयार होती. आमचे सहा एकर शिवाराच्या बरोबर मध्ये येतात आणि नाल्याकडच्या वावरांची वाट आमच्या बांधावरून जाते. आम्ही बाहेर राहिलो तर शंभर एकरांचे दोन तुकडे होत होते आणि तुकडे कंपनीला नको होते.

रविवारी दहा वाजता सोसायटीच्या गोदामाच्या पडवीत वीसेक माणसं बसली होती. शेतकरी गटाचे अध्यक्ष, ज्यांना गाव नाना म्हणतं, त्यांनी खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. कंपनीचा साहेब मोटारसायकलवर आला. तिशीतला, कृषी पदवीधर, बोलायला नम्र. नानांनी कागद माझ्या हातात दिला.

"वाचा भाऊ. पेपरमा वाचतस तसं वाचा. थांबू नका."

सतरा कलमं होती. मराठी प्रतीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही प्रत केवळ माहितीसाठी असून वाद झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाईल. भावाचं कलम वाचलं तेव्हा पडवीत समाधानाची कुजबुज झाली. मागच्या दिवाळीत बाजारात मिळालेल्या भावापेक्षा तो चांगला होता. नवव्या कलमाशी मी थांबलो. दाण्यातला ओलावा चौदा टक्क्यांपर्यंत चालेल, तो कारखान्याच्या दारात मोजला जाईल, आणि कंपनीची नोंद अंतिम राहील. त्याहून ओला माल कंपनी कपात करून घेईल किंवा नाकारेल. नाकारलेला माल पुरवठादाराने स्वखर्चाने परत न्यावा.

ते कलम मी दोनदा वाचलं.

"पुरवठादार कोण?" मागून कोणीतरी विचारलं.

"तुम्हीच," साहेब म्हणाला.

"बरं व्हयनं. मी समजनू ट्रॅक्टरवाला."

लोक हसले. नाना हसले नाहीत. त्यांना सभा लवकर आटपायची होती.

कोपऱ्यात आबा बसले होते. बाजार समितीत तीस वर्षं मापाडी होते. आजही पोती मोजायची असली की लोक त्यांना बोलावतात. पहिल्या पोत्याला ते एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि मग दोन. काठीवर हनुवटी टेकवून ते म्हणाले, "मार्केटात काटा तरी डोळ्यांसमोर होता."

"काटा डोळ्यांसमोर, आणि काट्यावर तुमचा गुडघा," नाना म्हणाले. "आबा, तुम्हीच माप मारायचे ना!"

"मारायचो," आबा म्हणाले. "पण तुझ्यासमोर मारायचो. तू शिव्या द्यायचास, मी अर्धा किलो सोडायचो. आता शिव्या कुणाला देशील? दोनशे किलोमीटरवरच्या फाटकाला?"

या वादाला जुना इतिहास आहे आणि तो माझ्या टेबलावरून गेलेला आहे. आमच्या लहानपणी कापूस फक्त सरकारी केंद्रावर घालता यायचा. वडील गाडी घेऊन रांगेत दोन-दोन दिवस बसायचे. ती योजना बंद झाली तेव्हा गावात काहींनी पेढे वाटले आणि काहींनी तोंड पाडलं. पुढे धान्य आणि भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर विकायची मुभा आली. दिल्लीत तीन कायदे झाले, वर्षभर आंदोलन झालं, कायदे मागे गेले. या साऱ्यात एक गोष्ट मात्र मागे गेली नाही. कंपन्यांची माणसं शिवारात येऊ लागली होती आणि ती येतच राहिली.

नानांनी खिशातून एक कात्रण काढलं. मुभेच्या काळातली बातमी होती. 'शेतमाल कुठेही विका', असा मथळा होता.

"हे तुमच्याच पेपरातलं ना, भाऊ?"

मथळा माझाच होता. मी हो म्हणालो.

"मग झालं तर."

तोपर्यंत अक्का बोलली नव्हती. ती बायकांच्या बाजूला पोत्यावर बसली होती. ती म्हणाली, "कोठेबी विका, हाई चांगलं शे. पन मोजी कोन?"

मग साहेबाला कळावं म्हणून ती अहिराणी सोडून सरळ मराठीत बोलली.

"साहेब, आमचा मका ओला की सुका ते तुम्ही तुमच्या दारात ठरवणार. दारात गाडी किती दिवस उभी राहील तेही तुम्हीच ठरवणार. मधे पाऊस आला तर तो पण आमच्याच दाण्यात मोजणार. आम्ही ठरवायचं असं काय उरलं?"

साहेब हसून म्हणाला, "पेरायचं की नाही, ते."

पडवी हसली. अक्काही हसली. "मग नाही पेरत," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून उठली.

पुढचा आठवडा तिला जड गेला. हे तिने सांगितलं नाही, मला शेजाऱ्यांकडून कळलं. पिठाच्या गिरणीवर बायका तिच्याशी बोलताना दळणाकडे बघत होत्या. एकीने तोंडावर विचारलं, "अक्का, तुन्हा सहा एकरकरता आम्ही बठ्ठा बसी राहू का?" त्या प्रश्नात तथ्य होतं. लिहून दिलेला भाव त्या अठरा घरांना पहिल्यांदाच मिळत होता. नानांनी मला दोनदा फोन केला. आम्हा दोघांतल्या एकाने सही केली की दुसऱ्याचीही मिळते, असं त्यांचं मत होतं. मला स्वतःला भाव योग्य वाटत होता. पुढच्या रविवारी मी गेलो आणि अक्काला तसं सांगितलं.

तिने कोठीतून मक्याचे मूठभर दाणे आणले आणि माझ्यापुढे धरले. "चाव."

मी एक दाणा चावला.

"किती ओल शे?"

"सांगता येत नाही."

"माले येस," ती म्हणाली. "बारा. फार तं साडेबारा. पन मन्हा दात कागदवर चालत नही." दाणे परत डब्यात टाकत ती पुढे म्हणाली, "वरीसमा एक पीक काढस मी. ते कसं शे हाई माले इचारानं नही, अशी सही मी करनार नही. तुले करनी व्हई तं कर."

प्रश्न तेवढाच होता. आमच्या सहा एकरांतलं धान्य कसं आहे, हे ठरवताना आमचा शब्द धरला जाणार होता की नाही. ते धान्य म्हणजे तिचं अख्खं वर्ष होतं.

मी सही केली नाही. तिची बाजू मला पूर्ण पटली होती असं म्हणता येणार नाही. एकट्याने सही करून तिला कोंडीत धरणं मला जमलं नाही.

तोड आबांनी काढली. संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "वानगी बांधा ना. आम्ही बांधायचो."

खळ्यावर येऊन व्यापारी धान्य घ्यायचे तेव्हाची ही रीत. ढिगातलं मूठ-दोन मूठ धान्य कापडात बांधायचं, गाठीवर दोघांची खूण करायची आणि ती पुरचुंडी तिसऱ्याच्या घरी ठेवायची. या नमुन्याला वानगी म्हणायचे. माल पोचल्यावर व्यापाऱ्याने कुरकुर केली की गाठ सोडायची. बाजार समितीत समोरासमोर लिलाव सुरू झाले आणि वानगी मागे पडली.

अक्काने कराराची सही करायची इंग्रजी प्रत मागवली आणि नवव्या कलमाशेजारच्या समासात निळ्या पेनाने लिहिलं: 'प्रत्येक गाडीची वानगी दोघांच्या सहीने गावात राहील. वाद झाल्यास ती बाजार समितीच्या यंत्रावर तपासून येईल तो ओलावा खरा धरावा.' मग प्रत माझ्याकडे सरकवली.

"दखी ले. काही चुकनं का?"

मी 'खरा' खोडून 'अंतिम' केलं. कंपनीने वापरलेला शब्द तोच होता. खाली दोघांच्या सह्या केल्या.

साहेबाने ते वाचलं आणि म्हणाला, "अशी पद्धत नाही, अक्का."

"आता आहे," अक्का म्हणाली. "वर पाठवा. नाही म्हणाले तर नाही."

दोन दिवसांत अठरापैकी सतरा घरांनी तीच ओळ आपापल्या अक्षरात समासात लिहिली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना त्यांच्या सुनांनी लिहून दिली. शेवटी नानांनी लिहिली. लिहिताना ते म्हणाले, "अध्यक्षानं एकट्यानं नाही लिहिली तर बरं दिसणार नाही म्हणून." तीन आठवड्यांनी प्रती शिक्का होऊन परत आल्या. काहींवर शिक्का बरोबर त्या ओळीवरच बसला होता. पुढे ओळख वाढल्यावर साहेबाने मला सांगितलं, "वर समास कोणी वाचत नाही."

मका चांगला आला. दसऱ्यानंतर पहिली गाडी भरली ती आमची. ट्रकात माल चढताना आबांनी पाच-सहा पोत्यांत हात घालून वरचे, मधले, खालचे दाणे काढले, धुतलेल्या पांढऱ्या कापडात बांधले आणि गाठीला कागदाची चिठ्ठी शिवली. साहेबाने सही केली. अक्काने केली. पुरचुंडी गोदामाच्या माळ्यावर टांगली. पाहायला अर्धं गाव जमलं होतं.

गाडी कारखान्याच्या फाटकावर दोन दिवस रांगेत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी निरोप आला की ओलावा सोळा आहे, कपात मान्य असेल तर उतरवतो. अक्काने सांगितलं, उतरवा, पण कपात मान्य नाही, वानगी तपासायची आहे. सगळ्यांची सोय पाहून तपासणीला आणखी तीन दिवस गेले. मी रजा काढून गेलो.

बाजार समितीच्या कचेरीत टेबलावर ओलावा मोजायचं यंत्र होतं, ज्याला सगळे मीटर म्हणतात. साहेब, नाना, आबा, अक्का आणि मी भोवती उभे राहिलो. नानांनी गाठ सोडली. कारकुनाने दाणे यंत्रात ओतले. आकडा आला साडेदहा.

नानांनी टाळी वाजवली. "आता काय म्हणता, साहेब? कुठे सोळा, कुठे साडेदहा!"

साहेबाने आकड्याकडे पाहिलं, मग रिकाम्या कापडाकडे.

"किती दिवस होतं हे माळ्यावर?"

"सहा," आबा म्हणाले.

"पत्र्याखाली. ऑक्टोबरच्या उन्हात. सुती कापडात." त्याचा आवाज चढला नव्हता. "अक्का, तुम्हीच सांगा. कापडात दाणा वाळणार नाही तर काय होईल?"

आबा कापडाची घडी घालू लागले. चूक त्यांची होती आणि ती त्यांच्या आख्ख्या पिढीची होती. त्यांच्या काळात वानगी रंग, खडे, कीड दाखवायला ठेवत असत. दाण्यातलं पाणी तेव्हा कोणी आकड्यात मोजत नव्हतं. व्यापारीही दाणा चावूनच बघायचा.

अक्काने यंत्रातला एक दाणा उचलून चावला.

"खरं शे," ती म्हणाली. "वाळी गया."

तिने कपात मान्य केली. बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं की तसं करण्याची गरज नव्हती. समासातल्या ओळीप्रमाणे वानगीचा आकडा अंतिम होता. शिक्का कंपनीचा होता. आपण अडून बसलो असतो तर कागद आपल्या बाजूने होता.

ती चालता चालता थांबली. "ओळ आपली शे म्हनीसन खोटी वापरू का? सकाय साहेबनी तेच करं तं कोनता तोंडघाई बोलू?"

गावात त्या कापडाला 'अक्काची पुरचुंडी' असं नाव पडलं. पारावर एकाने दुसऱ्याला चहा देताना विचारलेलं मी ऐकलं, "साखर वानगीची शे का मीटरची?" नानांनी तर उरलेल्या गाड्यांसाठी हा उद्योग सोडून द्यायचं ठरवलं होतं. साहेबाने खांदे उडवले. करारात ओळ होती तोवर त्याला सही करायची होती. सही कशावर करायची ते गावाने ठरवायचं होतं.

अक्काने लोणच्याच्या काचेच्या बरण्या काढल्या. मीठ ओल धरतं हे तिला कोणी सांगायला नको होतं, म्हणून त्या तीनदा धुऊन दोन दिवस उन्हात ठेवल्या. एक बरणी तिने दाण्यांनी काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि झाकणाच्या कडेवर मेणबत्तीचं मेण ओतलं. बरणी भरली त्याच दिवशी मूठभर दाणे एका हवाबंद डबीत घालून तिने मला बाजार समितीत पाठवलं. आकडा तेरा आला. आठ दिवसांनी बरणी फोडून मी तिच्यातले दाणे घेऊन पुन्हा गेलो. आकडा तेराच होता. कारकून म्हणाला, "भाऊ, तुम्ही बातमी करताय का?" मी नाही म्हणालो.

"आते चाली," अक्का म्हणाली. मग घरोघर जाऊन तिने बरण्या मागितल्या. ज्यांनी हसून घेतलं होतं त्यांनीही दिल्या. दिवाळी तोंडावर होती आणि चौदा गाड्या जायच्या बाकी होत्या.

दिवाळीच्या आठवड्यात एका संध्याकाळी पाऊस आला. अर्धा तास पडला. ज्यांचे ढीग उघड्यावर होते त्यांनी ताडपत्र्या ओढल्या. चार दिवसांनी एकाच दिवशी तीन गाड्या भरल्या. पहिली नानांची, दुसरी आमच्या राहिलेल्या मक्याची, तिसरी नाल्याकडच्या एका शेतकऱ्याची. तीन बरण्या भरल्या. मेणावर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि पट्ट्यांवर सह्या झाल्या.

तीनही गाड्या फाटकावर अडल्या. निरोप एकच होता: ओलावा सतरा, माल नाकारला, परत न्या. या वेळी कपातीचाही पर्याय नव्हता.

साहेब दुसऱ्या दिवशी बाजार समितीत आला. चेहऱ्यावरून त्याचीही झोप झालेली दिसत नव्हती. तीन गाड्या फाटकावर उभ्या होत्या आणि वरून त्यालाच फोन येत होते. बरण्या गोणपाटात गुंडाळून आणल्या होत्या. कचेरीच्या पायऱ्या चढण्याआधी नानांनी अक्काला बाजूला घेतलं. मी दोन पावलांवर होतो.

"अक्का, मन्ही बरनी राहू द्या."

"का बरं?"

"तुमच्या दोघांच्या निघू द्या आधी. त्या बरोबर निघाल्या की माझी गाडी त्यांच्यामागे जाईल. कोण विचारतो?"

अक्काला सगळं समजलं. पावसात भिजलेला ढिगाचा कडेचा भाग नानांनी मधल्या मालात मिसळून भरला होता. हे गावात दोघांनी पाहिलेलं होतं.

"तीन गाड्या, तीन बरण्या," अक्का म्हणाली.

"मी अध्यक्ष आहे. माझाच माल खोटा निघाला तर गटाचं काय राहील?"

"आनि बरनी दडाई तं बरनीनं काय राही?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. त्या वेळी त्यांनी तिला जे म्हटलं ते मी लिहीत नाही. मग ते पुढे झाले, स्वतःची बरणी स्वतः उचलली आणि कारकुनाच्या टेबलावर आपटावी तशी ठेवली. "घ्या. आधी हीच फोडा."

मेण कापायला सुरी लागली. नानांच्या बरणीचा आकडा सतरा आला. आमचा साडेतेरा. तिसऱ्याचा चौदाला थोडा कमी.

साहेबाने तिन्ही आकडे लिहून घेतले, कारकुनाची सही घेतली आणि तिथूनच फोन लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता. साहेब ऐकत राहिला, मग म्हणाला, "सर, तिन्ही चांगल्या निघाल्या असत्या तर मीच विश्वास ठेवला नसता. एक ओली आहे हे त्यांनी स्वतःच दाखवलं आहे. फाटकावर तिन्ही गाड्यांना एकच आकडा कसा आला ते विचारा." पलीकडून प्रश्न आला. "हो सर. त्यांच्या प्रतीवर आपला शिक्का आहे. समासात."

त्या दिवशी पहिल्यांदाच वर कोणीतरी समास वाचला असावा.

दोन गाड्या चौथ्या दिवशी पूर्ण भावाने उतरल्या. नानांची परत आली. त्यांनी माल आठ दिवस खळ्यावर पसरला आणि बाजारात विकला. भाडं दोन्ही वेळचं त्यांनीच भरलं. पारावर कोणी त्यांना टोमणा मारला नाही. याचं मला आश्चर्य वाटलं. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "स्वतःची बरणी स्वतः फोडली त्यानं. त्याला कोण काय बोलणार?" अक्काच्या पहिल्या गाडीची कपात मात्र तशीच राहिली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मे महिन्यात नवा करार आला. त्याच पडवीत, त्याच खुर्च्यांवर मी तो वाचला. भाव मागच्यापेक्षाही थोडा वाढवला होता. नववं कलम शब्द न शब्द तसंच होतं. शेवटी एक अठरावं कलम जोडलं होतं: प्रतीवर हाताने लिहिलेला कोणताही मजकूर ग्राह्य धरला जाणार नाही.

साहेब या वेळी बसला नव्हता. खांबाला टेकून उभा होता. त्याने आधीच सांगून टाकलं की कलम त्याने लिहिलेलं नाही.

मी वाचून थांबलो. सगळे अक्काकडे बघत होते. पण आधी नाना बोलले.

"पानाले समास कोठे शे?" त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि सगळ्यांना दाखवला. "दखा. लिहायला जागाच ठेवली नाही."

"भाव वाढवला आहे, नाना," साहेब म्हणाला.

"भाव चांगला आहे. पण चांगला भाव ओल्या मक्याला मिळत नाही, आणि माझा मका ओला आहे की नाही ते तुमचं फाटक सांगणार. मागच्या वर्षी माझा ओला होता. मी सांगितलं ना? बरणीनं सांगितलं, मी ऐकलं. आता तुम्ही बरणीचं ऐकणार नसाल तर मी फाटकाचं का ऐकू?"

"सलग शंभर एकर मोडेल," साहेब हळूच म्हणाला.

"मोडू द्या," नाना म्हणाले आणि करार घडी करून त्याच्या हातात दिला. गिरणीवर अक्काला बोललेली बाई अक्काच्या शेजारीच बसली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मन्ही बरनी मी परत मांगनार नही."

त्या दिवशी सही कोणीच केली नाही. पुढे दोन घरांनी तालुक्याला जाऊन केली. त्यांना गावात कोणी काही म्हटलं नाही. त्यांच्याही बरण्या गोदामातच आहेत.

या खरिपाचा मका आम्ही बाजार समितीत नेला. आबा सोबत होते. ओट्यावर पोती लावण्याआधी अक्काने बरणी पुढे ठेवली आणि आडत्याला सही करायला सांगितलं.

"अक्का, हे काय नवीन?" आडत्या म्हणाला. "इथे काटा तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

"काटा आहे. मीटर कुठे आहे?"

"आत, कचेरीत."

"मग सही करा."

तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. अक्काने हमालांना थांबवलं. ट्रॅक्टर सुरू करायला लावला आणि तीन ओटे पुढे नेला. तिथला आडत्या वयाने मोठा होता. त्याने बरणी उचलून उजेडात धरली, आबांकडे पाहिलं आणि विचारलं, "वानगी का?"

"वानगी," आबा म्हणाले.

त्याने पट्टीवर सही केली. भाव कंपनीच्या भावापेक्षा कमी मिळाला. किती कमी ते अक्काला आधीच माहीत होतं. आबांनी पहिल्या पोत्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "लाभ."

परतताना अक्काने मला सांगितलं की पुढच्या वेळी येताना जळगावहून दोन प्लॅस्टिकच्या बरण्या आण, कैऱ्या येतील तेव्हा लोणचं घालायला लागतील. काचेची एकही मोकळी नाही.